सोयाबीनला युरिया ओळखता येतो

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या अर्धापूर तालुक्यात बचत गटांच्या समन्वयक आहेत.)

मी अर्धापूरहून बोलतेय.

आज ज्या वस्तूबद्दल बोलायचंय तिचं नाव तुम्हाला माहीत आहे. ट्रान्झिस्टर. आपल्याकडं ट्रान्झिस्टर म्हटलं की चामड्याच्या कव्हरातला, खुंटीला टांगलेला रेडिओच डोळ्यापुढं येतो. आजोबा बातम्यांना तो कानाशी धरायचे. पण ते नाव मुळात रेडिओचं नाही. रेडिओच्या पोटातल्या एका बारीकशा भागाचं ते नाव. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी तो भाग तयार केला. पुढं १९५६ साली त्या दोघांना आणि त्यांच्या गटाचे प्रमुख शॉकली यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्या भागाचं काम एकच, छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह कमीजास्त करायचा. हवेतून आलेला क्षीण आवाज त्याच्यामुळं अंगणभर ऐकू यायचा.

आता त्याच भागाला शास्त्रज्ञ चव घ्यायला शिकवताहेत. दुधात युरिया किती, पाण्यात नायट्रेट किती, रक्तात अमुक पदार्थ आहे का, असं त्याला विचारायचं. अशा यंत्राला पुस्तकात जैवसंवेदक म्हणतात, आपण सेन्सरच म्हणू.

हा विषय मी का घेतला ते सांगते. गेल्या काही वर्षांत आपल्या गटांच्या हातात मीटरवर मीटर यायला लागलेत. साखर तपासायचं मीटर, पाण्याचं किट, मातीचं, दुधाचं. आणि मीटरवरच्या आकड्यावरून माणसाची पत ठरायला लागली आहे.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या एका गटातल्या ताईनं गटाचं कर्ज काढून म्हैस घेतली. सकाळ-संध्याकाळ दूध एका संकलन केंद्रावर जायचं. केंद्राचं नाव मी घेत नाही. एक दिवस तिथल्या मुलानं दुधात कसलंसं औषध टाकलं, दूध पिवळसर झालं. "युरिया आलाय," म्हणाला, आणि कॅन परत. रांगेतल्या वीस माणसांसमोर. ताई घरी आली ती दोन दिवस गटाच्या बैठकीला आली नाही. गावात काय बोललं गेलं असेल ते मी सांगायला नको. कर्जाचा हप्ता तर होताच, पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "मला भेसळवाली म्हणले," एवढंच ती सारखं म्हणायची.

आता ह्यात खरं काय असतं ते बघू. दुधात युरिया मुळातच थोडा असतो. गाई-म्हशीच्या अंगात प्रथिनं पचताना युरिया तयार होतो, रक्तात येतो, रक्तातून दुधात उतरतो. पेंड जास्त खाऊ घातली, किंवा कडब्यावर युरियाची प्रक्रिया करून तो चारा दिला, तर दुधातला युरिया वाढू शकतो. बाईनं दुधात चिमूटभरसुद्धा काही टाकलेलं नसतं. म्हणून अन्न सुरक्षा खात्यानं मर्यादा शून्य ठेवलेली नाही. १०० मिलिलिटर दुधात ७० मिलिग्रॅमपर्यंत युरिया चालतो. केंद्रावर जे औषध टाकतात त्यानं साधं, शुद्ध दूधसुद्धा किंचित पिवळं होतं. भेसळीचं दूध गडद पिवळं होतं. म्हणजे सगळा न्याय फिकट पिवळा की गडद पिवळा ह्यावर, आणि तो बघणार कोण, तर पहाटे पाचला उठून आलेला, बल्बच्या उजेडात उभा असलेला पोरगा.

त्या ताईच्या दुधाची आम्ही दुसरीकडं आकडा देणारी तपासणी करून घेतली. मर्यादेच्या आतच निघालं. केंद्रानं दूध पुन्हा सुरू केलं. पण रांगेतल्या वीस जणांच्या घरी जाऊन "आकडा बरोबर आला" असं कोणी सांगत नाही.

तेव्हापासून मी ह्या सेन्सरच्या मागं लागले. 'आहे' आणि 'किती आहे' ह्यात एका बाईची अब्रू अडकलेली असते.

आता एक घरची परीक्षा सांगते. ही अन्न सुरक्षा खात्यानंच घरोघरी करण्यासाठी दिलेली आहे. चमचाभर दूध घ्या. त्यात अर्धा चमचा सोयाबीनची किंवा तुरीची पूड घाला आणि चांगलं हलवा. पाच मिनिटं थांबा. मग त्यात लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवून काढा. कागद निळा झाला तर दुधात युरिया घातलेला असण्याची शंका घ्यायची.

सोयाबीन आणि तूर! नांदेड-लातूरच्या बाईला ह्याच्यासाठी दुकानात जायलाच नको. फक्त दाणा कच्चा पाहिजे. भाजलेल्या सोयाबीनच्या पिठानं ही परीक्षा होणार नाही, आणि का होणार नाही ह्यातच गंमत आहे.

कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं एक एन्झाइम असतं. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हटलंय. हे युरिएज युरियाला धरतं आणि फोडतं. साखरेला धरत नाही, मिठाला धरत नाही, युरियालाच धरतं. फोडल्यावर अमोनिया निघतो. गोठ्यात सकाळी शिरलं की नाकात जातो तोच वास. अमोनियानं दूध अल्कलीकडं झुकतं आणि लाल कागद निळा होतो. सोयाबीन भाजलं की उष्णतेनं ते एन्झाइम मरतं. सोयापेंड तयार करणारे कारखाने ह्याच गोष्टीचा उलटा उपयोग करतात. पेंड नीट तापली का हे बघायला ते तिच्यात युरिएज उरलंय का ते तपासतात. उरलं असेल तर पेंड कच्ची.

तर ह्या चमचाभर दुधात दोन कामं झाली बघा. एकानं ओळखलं, ते सोयाबीननं. दुसऱ्यानं सांगितलं, ते कागदानं. जगातला कुठलाही जैवसंवेदक घ्या, त्यात हे दोघं असतातच. एक ओळखणारा आणि एक सांगणारा.

आशाताईंकडचं निश्चय किट बघा. पट्टीवर अँटिबॉडी बसवलेल्या असतात. गरोदरपणात लघवीत येणारं एकच संप्रेरक त्या ओळखतात आणि सांगायचं काम रंगाची रेघ करते. साखरेच्या मीटरमध्ये पट्टीच्या टोकाला एन्झाइम असतं. ते रक्तातली ग्लुकोज ओळखतं, त्या क्रियेतून बारीकशी वीज निघते आणि मीटर ती वीज मोजून आकडा दाखवतं. ही एन्झाइम आणि विजेची जोडी अमेरिकेत लेलंड क्लार्क ह्यांनी १९६२ साली जमवली. जाता जाता सांगते, साखरेच्या मीटरचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ नाही. चांगल्या मीटरलासुद्धा १५ टक्के इकडंतिकडं चालतं. २०० दाखवलं तर खरी साखर १७० ते २३० च्या मध्ये कुठंही असू शकते. आणि पट्टीची डबी एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली, झाकण उघडं ठेवून राहिली असेल तर तेवढाही भरवसा नाही. पट्टीवरचं एन्झाइम आणि सोयाबीनमधलं एन्झाइम एकाच जातीचं, उन्हाला दोघंही भितात.

आता सांगणारा म्हणून ट्रान्झिस्टर बसवला तर?

इसापूरच्या कालव्याचं पाणी आपल्या भागात येतं. चारीच्या तोंडाशी गेट असतं. कालव्यात पाणी भरपूर आहे, चारी कोरडी आहे, मधे ते गेट. पाटकरी हातानं गेट चार बोटं उचलतो आणि पाण्याचा लोंढा सुटतो. लोंढ्याची ताकद हाताची नसते, ती कालव्याची. हात फक्त ठरवतो किती जायचं. ट्रान्झिस्टरची एक जात आहे, तिच्यात हुबेहूब हीच मांडणी असते. जिथून वीज येते ती एक बाजू, जिथं जाते ती दुसरी बाजू, मधे सिलिकॉनची बारीक चारी, आणि तिच्यावरच्या भागाला इंग्रजीतसुद्धा गेटच म्हणतात.

फरक एक आहे. आपलं गेट पाण्यात उतरतं. हे गेट विजेच्या वाटेला हातसुद्धा लावत नाही. मधे काचेसारखा अगदी पातळ थर असतो. गेट वरूनच ओढतं किंवा ढकलतं. थंडीत केसांवर कंगवा घासून कागदाच्या कपट्यांजवळ धरला की कपटे न शिवता उडी मारतात, तसं. कंगव्यावर विद्युतभार साचलेला असतो. गेटवर किती भार साचलाय ह्यावर खालची चारी मोकळी होते किंवा आवळते.

१९७० साली नेदरलँड्समध्ये पीट बर्गव्हेल्ड नावाच्या संशोधकानं एक साधी गोष्ट केली. गेटचा धातू काढून टाकला आणि त्या जागी पाणी येऊ दिलं. पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे भारित कण त्या काचेसारख्या थरावर येऊन बसले, आणि त्यांच्या भारानंच खालची वीज कमीजास्त झाली. म्हणजे पाणीच गेट चालवायला लागलं.

हे कण मुख्यतः आम्लाचे. माती परीक्षणाच्या कागदावर 'सामू' लिहिलेला असतो, इंग्रजीत पीएच. आपल्या काळ्या रानाचा बहुतेक आठाच्या आसपास येतो. ताज्या दुधाचा साडेसहाच्या वर, दह्याचा साडेचारच्या आसपास. सामू एका अंकानं उतरला की आम्लाचे कण दहापट झाले असं समजायचं. सामू एका अंकानं बदलला तर ह्या सेन्सरमध्ये जास्तीत जास्त ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. रेडिओच्या दीड व्होल्टच्या सेलचा पंचविसावा हिस्सा. एवढ्याशा फरकावर चारीतला प्रवाह हलतो आणि आकडा उमटतो. असे सामू मीटर आज बाजारात मिळतात.

आता पुढची पायरी तुम्हीच सांगाल. ह्या गेटवर युरिएजचा थर बसवायचा. वर दुधाचा थेंब टाकायचा. युरिएज युरिया फोडणार, अमोनिया निघणार, सामू वर जाणार, गेटवरचा भार बदलणार, प्रवाह बदलणार. युरिया जितका जास्त तितका बदल जास्त. लिटमस कागद 'निळा झाला' एवढंच सांगतो, हा 'किती' ते सांगतो. सोयाबीनचंच काम, फक्त त्याच्या खाली कागदाऐवजी ट्रान्झिस्टर.

ओळखणारा बदलला की सेन्सर बदलला. १९८० साली अमेरिकेत कारास आणि यानाता ह्यांनी गेटवर दुसरं एन्झाइम बसवून पेनिसिलिन ओळखणारा ट्रान्झिस्टर केला. म्हशीला कासदाह झाल्यावर इंजेक्शन देतात आणि औषध दुधात उतरतं, तेव्हा हे काय कामाचं ते तुम्हाला कळेल. नायट्रेटलाच जवळ येऊ देणारा पडदा गेटवर लावला की मातीतलं, पाण्यातलं नायट्रेट मोजता येतं. २०२० साली कोरियातल्या संशोधकांनी कोविडच्या विषाणूची अँटिबॉडी अशाच ट्रान्झिस्टरवर बसवली.

हे सगळं परदेशातच चाललंय असं नाही. आपल्या मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात सेन्सर तंत्रज्ञानाचं एक केंद्र आहे. तिथं प्रा. महेंद्र शिरसाट ह्यांच्या गटानं शिसं, पारा असे जड धातू आणि विषारी वायू ओळखणाऱ्या सेन्सरवर काम केलंय, त्यात ट्रान्झिस्टरवर आधारलेले सेन्सरही आहेत. चारीच्या जागी ते कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यासुद्धा वापरतात. आणि मुंबईच्या आयआयटीत प्रा. रामगोपाल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्याला न दिसणारी लवचीक पट्टी तयार केली. रेणू चिकटला की ती वाकते, आणि तिच्या आतच बसवलेला ट्रान्झिस्टर ते वाकणं सांगतो. लेक बारावीला सायन्सला असेल तर तिला हे जरूर सांगा. संभाजीनगर आपल्याला एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे.

मग तुम्ही विचाराल, एवढं सगळं आहे तर संकलन केंद्रावर अजून तो पिवळ्या रंगाचा खेळ का?

कारण दूध आणि रक्त ह्या प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यासारख्या गोष्टी नाहीत. माळेगावच्या यात्रेत जाऊबाई चार हातांवरून हाका मारते आणि आपल्याला ऐकू येत नाही, मधे माणसंच इतकी. रक्तात मीठ असतं. मिठाचे भारित कण प्रत्येक रेणूभोवती गर्दी करतात आणि त्याचा भार झाकून टाकतात. रक्तात गेटला एका नॅनोमीटरच्याही पलीकडचं नीट ऐकू येत नाही, आणि अँटिबॉडी असते दहा नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे तिच्या शेंड्याला चिकटलेली वस्तू गेटच्या कानापर्यंत पोचतच नाही. संशोधक नमुना पातळ करून बघतात, आखूड ओळखणारे शोधतात. दुधाची अडचण वेगळी. दुधाचा स्वभावच आपला सामू धरून ठेवण्याचा, त्यामुळं थोड्याशा अमोनियानं तो लगेच हलत नाही. शिवाय दुधातली चरबी आणि प्रथिनं गेटवर साय धरावी तशी चिकटतात. एन्झाइम दिवसागणिक थकतं. आज १० दाखवणारा सेन्सर महिन्यानं त्याच नमुन्याला १२ दाखवतो. म्हणून त्याला मधूनमधून माहीत असलेला नमुना दाखवून सुधारून घ्यावं लागतं, वजनमापवाले काट्यावर प्रमाणित वजन ठेवून बघतात तसं.

इथं मला पाण्याची गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण ती घरोघर चाललीय.

आमच्या एका ग्रामसंघाच्या बैठकीला पाणी शुद्ध करायच्या मशीनचा विक्रेता आला. चौदा हजारांची मशीन, गटातून कर्ज काढा म्हणाला. त्यानं दोन ग्लास ठेवले, एकात बोअरचं पाणी, एकात मशीनचं. दोन्हींत सळ्या असलेलं एक यंत्र बुडवलं, वीज लावली. दोन मिनिटांत बोअरचं पाणी तांबडं-काळं, वर गाळाचा फेस. मशीनचं पाणी जसंच्या तसं. "बघा ताई, हे विष तुम्ही पोरांना पाजता." बायांनी तोंडाला पदर लावला.

मागं बसलेली एक मावशी म्हणाली, "त्या चांगल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाक रे बाबा." तो नको नको म्हणत होता. एकीनं आत जाऊन मीठ आणलं आणि टाकलं. पुन्हा सळ्या बुडवल्या. मशीनचं पाणीही तांबडं.

झालं असं की सळई लोखंडाची होती. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून गंजतं. तो गाळ पाण्यातला नव्हता, सळईचा गंज होता. मशीनच्या पाण्यात क्षार नसतात, वीज वाहत नाही, गंज होत नाही. त्या यंत्रात सांगणारा होता, पण ओळखणारा कोणीच नव्हता. पेनासारखं टीडीएस मीटरही असंच. ते एकूण क्षार सांगतं. ५०० पर्यंत चांगलं, दुसरं पाणी नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण त्या क्षारांत फ्लोराइड आहे का, नायट्रेट आहे का, हे त्याला कळत नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत.

मशीन वाईट असं मी म्हणत नाही. आपल्या नांदेड जिल्ह्यात फ्लोराइडचं पाणी असलेली गावं आहेत, तिथं अशा आरओ मशीनचा उपयोग होतो. पण आधी फ्लोराइड आहे हे कळायला पाहिजे. जल जीवन मिशनमध्ये दर गावात पाच बायांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. त्या बैठकीनंतर आम्ही ते किट काढलं. फ्लोराइड मर्यादेत आलं, हातपंपाचं नायट्रेट मात्र जास्त. ४५ ही मर्यादा, रंग त्याच्या पुढं गेला. नमुना प्रयोगशाळेत पाठवला, तिथंही जास्तच आलं. हातपंपापासून उकिरडा किती जवळ आहे हे तेव्हा आम्ही पहिल्यांदा पावलांनी मोजलं. दोन घरी वरच्या दुधावरची लेकरं होती. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू नायट्रेटमुळं कमी पडू शकतो, अंग निळं पडतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं. त्या दोन घरांना त्याच दिवशी दुसऱ्या विहिरीचं पाणी लावून दिलं. सळईवाल्याच्या यंत्रानं हे कधीच सांगितलं नसतं.

तेव्हा कोणी मीटर घेऊन दारात आलं तर त्याला मावशीसारखं विचारा. हे नेमकं काय ओळखतं? किती दाखवतं, की नुसतं हो-नाही? माहीत असलेल्या नमुन्यावर शेवटचं कधी तपासलं? उत्तर आलं नाही तर चहा पाजून पाठवून द्या.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत आपण दुधाची परीक्षा सगळ्याजणी मिळून करू. लिटमस कागद मी घेऊन येते, नांदेडला शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. तुम्ही मूठभर कच्चं सोयाबीन आणा, मिक्सरमधून काढून. न भाजलेलं, हे विसरू नका. आणि दुधाच्या तीन वाट्या करू. एक आपल्यासमोर काढलेलं घरच्या म्हशीचं दूध, एक त्याच दुधात आपणच थोडा युरिया विरघळवलेलं, आणि एक तपासायचं. पहिल्या दोन वाट्यांचे कागद कसे दिसतात ते बघितल्याशिवाय तिसरीबद्दल कोणी बोलायचं नाही. परीक्षा झाली की तिन्ही वाट्या लांब ओतून टाकायच्या, लेकरांच्या आणि वासरांच्या तोंडाला लागता कामा नयेत. ज्या ताईचं दूध परत आलं होतं, तिनं तिसरी वाटी आपल्या म्हशीच्या दुधाची ठेवा म्हणून सांगितलंय.